नमस्कार घालणारा राजा

व्यायाम म्हटला की मराठी मनासमोर आधी तालीम उभी राहते. लाल माती, घामाने निथळणारे मल्ल, मुद्गल, मल्लखांब आणि वस्तादाची करडी नजर. या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. परंतु ज्याला कुस्ती जिंकायची नाही, ज्याचा सारा दिवस कचेरीतील मेजाशी जातो, जिला चूल आणि मुले सांभाळून अर्धा तासही मोकळा मिळत नाही, त्या सामान्य माणसाने शरीर कसे राखावे, या प्रश्नाला तालमीपाशी पुरेसे उत्तर नव्हते. ते देण्यासाठी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे खर्ची घातली ती सातारा जिल्ह्यातील एका चिमुकल्या संस्थानाच्या अधिपतीने. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी जन्मलेले भवानराव संस्थानिकांच्या रूढ चित्रात बसणारे नव्हते. त्यांनी बी. ए.ची पदवी मिळवली होती. ते स्वतः चित्रे काढत, हरिदासाप्रमाणे कीर्तनाला उभे राहत. वडील श्रीनिवासराव नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालत. घरात हा संस्कार असूनही तरुण भवानरावांना भुरळ पडली ती युरोपातील युजीन सँडोची. पिळदार देहाच्या या व्यायामवीराचे नाव तेव्हा जगभर गाजत होते. १८९७ च्या सुमारास भवानरावांनी सँडोचे पुस्तक आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने निष्ठेने व्यायाम केला.

त्यांची दिशा बदलली ती १९०८ च्या सुमारास. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन हे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या सांगण्यावरून भवानराव वडिलांच्या वाटेकडे वळले. स्नायू फुगवणे आणि शरीर निरोगी राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची खात्री होत गेली. शिवाय सँडोची साधने विकत घ्यावी लागत. नमस्काराला लागे ती साडेतीन हात जमीन. गरीब मुलखाच्या राजाला हा फरक जाणवला नसता तरच नवल.

४ नोव्हेंबर १९०९ रोजी ते गादीवर आले. सुमारे ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे दूरवर विखुरलेले होते आणि आटपाडीसारखा त्यातील मोठा भाग कायमचा अवर्षणग्रस्त. उत्पन्न बेताचे. तरीही पुढच्याच वर्षी बेळगावातून बिऱ्हाड हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांच्या वेदाभ्यासालाही औंधात आश्रय मिळाला. पण या साऱ्या उद्योगांपेक्षा राजाच्या अधिक जिव्हाळ्याचा विषय होता तो प्रजेच्या प्रकृतीचा. रस्ते, शाळा आणि विहिरी ही जशी राज्यकर्त्याची जबाबदारी, तशीच प्रजेची छाती आणि पाठीचा कणा हीसुद्धा, असे ते मानत.

सूर्यनमस्कार हा भवानरावांचा शोध नव्हे. समर्थ रामदासांच्या परंपरेत नमस्कारांना मानाचे स्थान होते आणि खुद्द भवानरावांनीही आपण काही नवे निर्माण केल्याचा दावा केला नाही. त्यांनी केले ते शिस्तीचे काम. हात जोडून उभे राहणे, वाकून तळवे जमिनीला टेकवणे, एक पाय मागे, मग दुसरा, अष्टांग जमिनीवर, छाती वर, कंबर वर आणि पुन्हा त्याच मार्गाने उभ्या स्थितीत. अशा दहा आकड्यांत त्यांनी ही क्रिया बांधली. प्रत्येक आकड्याला श्वासाची जोड दिली, सूर्याच्या नावांचा आणि बीजमंत्रांचा उच्चार दिला. केवळ धर्मकृत्य म्हणून होणाऱ्या गोष्टीकडे त्यांनी आरोग्यविज्ञानाच्या नजरेने पाहिले. छायाचित्रांसह पुस्तके प्रसिद्ध केली, ठिकठिकाणी व्याख्याने दिली, स्वतः नमस्कार घालून दाखवले. स्त्रियांनी हा व्यायाम करावा, असा त्यांचा विशेष आग्रह होता आणि औंधच्या राणीसाहेबही नित्य नमस्कार घालत. मुलींनी धावणेसुद्धा जेथे अप्रशस्त गणले जाई, त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

१९३६ मध्ये राजेसाहेब इंग्लंडला गेले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. या वयातील त्यांची लवचीकता तेथील लोकांच्या कुतूहलाचा विषय ठरली. न्यूज क्रॉनिकल या दैनिकातील लेखिका लुईस मॉर्गन यांनी हा विषय इंग्रज वाचकांसमोर मांडला आणि त्यांच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे भवानरावांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सँडोकडे भवानराव तरुणपणी आदराने पाहत, तो त्यांच्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठा होता. पण १९२५ मध्येच, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले होते. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. मात्र देखणे शरीर आणि टिकणारे शरीर यांतील फरक भवानराव आपल्या देहाने दाखवत होते, एवढे निश्चित.

त्यांच्या उपक्रमाला एक अवघड बाजूही होती. औंधच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. आरोग्य हुकमाने लादावे काय, मंत्रांसह होणारा व्यायाम सर्वांनाच आपला वाटेल काय, आणि दुष्काळी गावातील अर्धपोटी मुलाला नमस्कारांआधी भाकरी नको काय? हे प्रश्न गैरलागू नाहीत. सक्ती आणि मंत्र यांवरून आजही अधूनमधून वाद झडतातच. भवानराव हितचिंतक होते, पण अखेर राजेही होते. हित कशात आहे ते आपण ठरवावे आणि प्रजेने आचरावे, ही राजेपणाची सवय त्यांच्याही अंगी होती.

म्हणूनच त्यांच्या आयुष्याचा पुढचा अध्याय विलक्षण वाटतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली. महात्मा गांधींचे मार्गदर्शन, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य आणि पुत्र अप्पासाहेब यांचा उत्साह यांतून नवी घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. ग्रामपंचायती हा तिचा पाया होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती तिथलीच. सामान्य माणसाचे शरीर वस्तादावाचून घडू शकते, यावर ज्याचा विश्वास होता, त्या राजाने सामान्य माणूस राजावाचून राज्य करू शकतो, हेही अखेरीस मान्य केले.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, भवानरावांचे निधन झाले. त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आजही पाहायला मिळते. नमस्कार मात्र औंधची वेस ओलांडून फार दूर गेले. रथसप्तमीला राज्यातील कित्येक शाळांच्या पटांगणांवर ते घातले जातात आणि परदेशांतील योगवर्गांची सुरुवातही पुष्कळदा त्यांनीच होते.

आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी गोल्फच्या हिरवळीवर उतरणारा हौशी खेळाडू एकाच बाजूला जोराने वळतो आणि सोमवारी कंबर धरून बसतो. क्लब उंची असून भागत नाही. कणा, खांदे आणि खुबे रोज मोकळे व्हावे लागतात, असे त्याला आजचा प्रशिक्षक बजावतो. खेळ कोणताही असो, हौशी माणसाची अडचण हीच असते आणि तिच्यावरचा उपायही रोजचाच असतो. भवानरावांच्या सांगण्याचे सार याहून निराळे नव्हते. सवलत एवढीच होती की त्यांच्या पद्धतीला ना साधन लागे, ना शुल्क. लागे तो फक्त पहाटेचा नेम. आणि तो मात्र राजालाही स्वतःच पाळावा लागे.