पावाचा तुकडा आणि वहीतली सही

देवनार म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, १९७१ सालचा कत्तलखाना आणि त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं डंपिंग ग्राउंड. म्हणून आम्ही देवनारकर पाहुण्यांना पत्ता सांगताना चेंबूर सांगतो. पण इथं राहायला आल्यापासून मी ज्या एका गोष्टीसाठी देवनारला माफ करत आलो आहे, ती म्हणजे आमच्या नाक्यावरचा सँडविचवाला.

त्याची हातगाडी तीन फुटांची असेल. लाकडी पाटावर तो ब्रेडच्या दोन स्लाइस मांडतो आणि अमूल बटर अगदी कडेपर्यंत लावतो. कडेपर्यंत बटर न लावणारा सँडविचवाला मी एका खेपेत ओळखतो आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा जात नाही. मग कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणी. तिच्यात मिरची अशी हवी की पहिल्या घासाला कळू नये आणि तिसऱ्या घासाला नाक पुसावं लागावं. त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि प्रत्येक थरावर काळं मीठ घातलेल्या मसाल्याची चिमूट. टोस्ट हवा असेल तर हे सगळं लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात बंद होऊन विस्तवावर जातं. बाहेर येतं तेव्हा बिटाचा रंग बटाट्यात उतरलेला असतो. सुरीचे तीन घाव, सहा तुकडे, वर बारीक शेव. डॉक्टरांनी बटर बंद केलं आहे. ते मी घरी पाळतो.

ज्या इंग्रज उमरावाच्या नावानं हा पदार्थ ओळखला जातो, तो सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू १७१८ साली जन्मला आणि १७९२ साली वारला. पत्त्यांचा डाव सोडवेना म्हणून त्यानं पावाच्या दोन चकत्यांत मांस घालून मागवलं, अशी गोष्ट सांगतात. त्याचे चरित्रकार मात्र म्हणतात की तो आरमाराच्या कामात गढलेला माणूस होता आणि बहुधा लिहिण्याच्या टेबलावरच जेवत असावा. ते काही असो. आपल्याकडे सँडविचच्या आधी प्रश्न पावाचा होता, आणि मला आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे तो इंग्रज नव्हे, मुंबईचा मराठी माणूस आहे.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पाव येत नसे. ब्रेडचा पुडा बाहेरच्या खोलीतल्या फडताळात, वर्तमानपत्रांच्या रद्दीशेजारी राहायचा. ताप आला तरच तो उघडायचा. चहा-पाव हे तापकऱ्याचं खाणं. मला तर ताप हवाहवासा वाटे. आजी गेल्यावर आईनं तो पुडा आत आणला, आणि मग आमच्या घरात सँडविचचं युगच सुरू झालं. सहलीसाठी ओल्या नारळाच्या चटणीची सँडविचेस, ओल्या पंचात गुंडाळलेली, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहतात. कापून टाकलेल्या कडांचा संध्याकाळी फोडणी घालून चिवडा. रविवारी साय-साखर घातलेली जोडी. आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे आदल्या रात्रीची उरलेली बटाट्याची भाजी दोन स्लाइसमध्ये दाबून, तव्यावर वाटीनं चेपून खरपूस भाजलेली. पुढे इराण्याकडचा ब्रुन मस्का खाल्ला, क्लबांतली थरांची सँडविचेस खाल्ली, पण त्या तव्यावरच्या सँडविचची सर कशाला आली नाही.

आजीचा पावावर राग का, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी दादोबा पांडुरंगांबद्दल वाचताना मिळालं.

दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हटलं की आपल्याला व्याकरण आठवतं. मराठीचे पाणिनी अशी पदवी त्यांना लोकांनी दिली. घराणं मूळचं वसईकडच्या तर्खडचं, जातीनं वैश्य. दादोबांचा जन्म ९ मे १८१४चा, मुंबईतला. महाराष्ट्र भाषेचं व्याकरण त्यांनी छापलं ते १८३६ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्या वयात आम्ही बँकेच्या परीक्षेची गाइडं वाचत होतो. इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून, पण मराठीची चाल ओळखून लिहिलेल्या या पुस्तकाच्या पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि शाळाशाळांतली मुलं त्यावर वाढली. दादोबा स्वतः माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते, मग एल्फिन्स्टनमध्ये, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत.

सुरतेत त्यांना दुर्गाराम मेहताजी भेटले. भुताखेतांना आणि मंत्रवाल्यांना भर सभेत आव्हान देणारा हा गुजराती मास्तर. १८४४ साली दोघांनी आणखी काही मित्रांसह मानवधर्म सभा काढली. देव एक, माणसाची जात एक, असा तिचा विचार. दुर्गाराम उघड बोलणारे, दादोबा विचार कागदावर नीट मांडणारे. त्यांनी तेव्हाच्या सुमारास धर्मविवेचन हे पुस्तक लिहिलं, पण ते छापून आलं १८६८ साली, आणि तेही त्यांच्या नावाशिवाय. घराण्याची तीच रीत म्हणावी काय, कोण जाणे. त्यांचा धाकटा भाऊ भास्कर यानं १८४१ साली इंग्रजी राज्याच्या लुटीवर इंग्रजी वर्तमानपत्रात जी जळजळीत पत्रं लिहिली असं अभ्यासक मानतात, त्यांखालीही सही होती ती नुसती एका हिंदूची. भास्कर १८४७ साली ऐन तारुण्यात वारला.

या काळात पावाला काय किंमत होती, ते एका प्रकरणावरून कळेल. १८४३ साली श्रीपाद शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मुंबईत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. पण त्यानं मिशनऱ्यांबरोबर अन्न घेतलं होतं, म्हणून त्याला परत जातीत घेऊ नये असा कर्मठांचा हट्ट. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान प्रायश्चित्त देऊन मुलाला पदरात घ्या म्हणून झटला, तर त्यालाच त्रास झाला. मुलाच्या मनात काय आहे हे कुणी विचारलं नाही. पोटात काय गेलं, एवढाच प्रश्न.

त्यातही पाव सगळ्यांत वाईट. तुपात तळलेला पदार्थ दुसऱ्याच्या हातचा एक वेळ चालेल, पण पाण्यात मळलेली कणीक नाही. पावाचं पीठ मळणारा ख्रिस्ती, पाणी त्याचं, आणि गोव्याकडे तर पीठ फुगवायला माडाची ताडी. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा कोकणात आणि वसईकडे पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात. खऱ्या किती, खोट्या किती, हा भाग वेगळा. भीती मात्र खरी होती. माझ्या आजीच्या फडताळापर्यंत ती पोचली होती.

दादोबा १८४६ साली शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख म्हणून मुंबईला परतले. १८४९ साली त्यांच्या विचारांभोवती एक गुप्त मंडळी उभी राहिली, तिचं नाव परमहंस मंडळी. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. सभासदांत दादोबांचे बंधू आत्माराम, बाबा पदमनजी, तुकाराम तात्या पडवळ. पुढे विद्यार्थिदशेत रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. ही माणसं बंद दाराआड जमत, दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणत आणि मूर्तिपूजेवर, जातीवर, विधवांच्या लग्नावर बोलत. नव्या माणसाला आत घेण्याचा विधी मोठा विलक्षण होता. जातिभेद मानणार नाही असं कबूल करायचं आणि ख्रिस्ती भटाऱ्यानं भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खायचा. नाव वहीत चढायचं.

मला हे दृश्य फार वेळा डोळ्यांसमोर येतं. गिरगावाकडची एखादी माडी, समईचा किंवा तेलाच्या दिव्याचा उजेड, विशी-पंचविशीतला कुणी शाळामास्तर. पुढ्यात ताटलीत पाव. ना बटर, ना चटणी. तोंड कोरडं पडलेलं. तो घास गिळताना त्याला चव लागली असेल का? आपण नाक्यावर उभे राहून जी वस्तू दोन मिनिटांत फस्त करतो, ती गिळायला त्याला आई, बाप, बायकोचं माहेर, मुलीचं लग्न, स्वतःच्या तिरडीला लागणारे चार खांदे, एवढं सगळं पणाला लावावं लागत होतं.

दादोबा १८५२ साली डेप्युटी कलेक्टर होऊन नगरला गेले. तिथं भिल्लांचं बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला आवडत नाही, पण तो वगळायचाही कसा. इकडे मंडळी वाढत होती, पुणे-नगरकडेही तिचे लोक झाले होते. पुरेसे सभासद जमले की उघडपणे जाहीर करायचं, असा बेत होता.

आणि १८६०च्या सुमारास कुणीतरी सभासदांची वहीच पळवली.

मी पस्तीसएक वर्षं बँकेत काढली आहेत. वही म्हणजे काय, हे मला पुस्तकं लिहून नव्हे, बँकेत कळलं. तोंडानं दिलेला शब्द उद्या फिरवता येतो, खाल्लेला घास कुणाला दिसत नाही, पण नोंद झाली की झाली. त्या वहीची बातमी पसरताच मंडळीतल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसली. पाव सगळ्यांना पचला होता. वहीतलं नाव पचेना. माणसं पांगली आणि मंडळी संपली.

याबद्दल त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते म्हटलंही गेलं आहे. पण त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, जमलेल्यांची नावं छापली गेली, आणि न्यायमूर्ती रानड्यांना आणि टिळकांनाही शेवटी प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. तेव्हा १८६०च्या शाळामास्तरांना नावं ठेवणारे आपण कोण?

हा प्रश्न मी मलाच विचारतो, त्याला कारण आहे.

१९८४ साली मी मुंबईच्या एका शाखेत कारकून होतो. शाखेतला एक सफाई कामगार रात्रशाळेत शिकून, खात्याची परीक्षा देऊन आमच्यासारखाच कारकून झाला. त्याच्या कौतुकाची छोटी सभा झाली, तिच्यात भाषण मी केलं. फुले झाले, आंबेडकर झाले, टाळ्याही बऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तो घरून स्टीलचा डबा घेऊन आला. बायकोनं सगळ्यांसाठी सँडविचेस केली होती. त्यानं प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन एकेक दिलं. माझ्यापाशी आला तेव्हा मी हसून घेतलं, पोट जरा बिघडलंय, मग खातो म्हणालो, आणि कागदासकट ड्रॉवरमध्ये ठेवलं. पोट बिघडलेलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मी खालचा वडापाव खाऊन आलो होतो, तो कुणाच्या हातचा याची चौकशी न करता. त्यानं ड्रॉवर बंद होताना पाहिला. काही बोलला नाही. पुढे चार वर्षं आम्ही शेजारच्या काउंटरांवर बसलो, तो माझ्याशी नीट वागला, पण डबा त्यानं पुन्हा माझ्यापुढे केला नाही.

परमहंस मंडळींनी घास गिळला आणि नाव लपवलं. मी नाव मिरवलं आणि घास लपवला. त्यांच्या पुढ्यात सारा गाव उभा होता. माझ्या पुढ्यात कुणी नव्हतं. आजीला जाऊन बारा वर्षं झाली होती.

दादोबा १८६०नंतर लवकरच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. विधवांच्या बाजूनं त्यांनी आधीच लिहिलं होतं. आता मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली, ती १८६५ साली यशोदापांडुरंगी या नावानं निघाली. आईच्या आणि वडिलांच्या नावांची ही जोडी पुस्तकाच्या माथ्यावर घालणारा तो माणूस मला एरवीच्या रावबहादुरापेक्षा जवळचा वाटतो. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, उघडपणे, पण पुढाकार धाकट्या आत्मारामांचा. दादोबांचं मन शेवटी शेवटी स्वीडनबर्ग या युरोपीय गूढवाद्याकडे ओढलं गेलं, त्याच्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. १८८१ साली व्याकरणाची पूरणिका काढली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले.

त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं होतं. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली प्रकाशात आणलं. मी ते मोठ्या आशेनं वाचायला घेतलं. बालपण आहे, पंतोजी आहेत, जावरा आहे, सुरत आहे. परंतु हकीकत १८४९ सालापर्यंत पोचतच नाही, त्याआधी थांबते. पाव, वही, माडीवरचा तो दिवा, यातलं त्यांच्या हातचं काहीच आपल्याला मिळत नाही. ते राहून गेलं की त्यांनी राहू दिलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कादंबरीकार म्हणून मला दुसरं वाटतं, बँकेतला माणूस म्हणून पहिलं.

परवा पाऊस पडत होता. नाक्यावर गेलो, टोस्ट सांगितला. माझ्या आधी समाजविज्ञान संस्थेतली पाच-सहा मुलंमुली होती, एकाच कागदी बशीतून सगळ्यांचे हात. माझं सँडविच आलं, त्यातलं बीट बाहेर डोकावत होतं. १९८४ सालचं ते सँडविच चवीला कसं होतं, ते मला माहीत नाही. त्यात बीट होतं, एवढं नक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉवर उघडला तेव्हा कागदाखालच्या व्हाउचरवर त्याचा लाल डाग उतरला होता.