मुलांचा कैवारी : संत जॉन बॉस्को

मार्गशीर्ष सरत आला की नाताळ येतो, आणि सोलापुरात नाताळाच्या पाठोपाठ श्रीसिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची चाहूल लागते. प्रभू येशूचा जन्म बेथलेहेमच्या गोठ्यात झाला व त्याचे बालपण नाझरेथमधील एका सुताराच्या घरी गेले, ही कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्या सुताराघरच्या देवाचा एक भक्त एकोणिसाव्या शतकात इटलीत होऊन गेला. परमेश्वराची भक्ती आणि कष्टकरी पोराची रास्त मजुरी या दोन गोष्टी त्याने आयुष्यात कधी वेगळ्या मानल्या नाहीत. त्याचे नाव जॉन बॉस्को. जग त्यांना डॉन बॉस्को म्हणून ओळखते. इटलीत डॉन ही धर्मगुरूच्या नावाआधी लावावयाची आदराची उपाधी आहे; मुंबईच्या बोलीत त्या शब्दाला पुढे जो अर्थ चिकटला, त्याच्याशी या साधुपुरुषाचा काडीमात्र संबंध नाही, हे आजच्या तरुण वाचकांसाठी सांगून ठेवलेले बरे.

इटलीच्या वायव्येस पीडमाँट नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील कास्तेलनुओव्हो गावाजवळ बेक्की नावाची चार घरांची वाडी होती. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉनचा जन्म झाला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पितृछत्र हरपले. घरात सासू, सवतीचा मुलगा आंतोनियो, स्वतःचे दोन लहानगे आणि बाहेर दुष्काळ, अशा स्थितीत मार्गरिटा या शेतकरणीने संसाराचा गाडा ओढला. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु प्रार्थना आणि धर्माची शिकवण तिला मुखोद्गत होती. दारी आलेल्या भिकाऱ्याला भाकरीचा तुकडा दिल्याविना ती परतवीत नसे. साने गुरुजींच्या श्यामची आई ज्यांनी वाचली आहे, त्यांना या माउलीची ओळख निराळी करून द्यावयास नको.

नवव्या वर्षी जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ पोरे दंगा करीत आहेत, शिव्या देत आहेत, आणि जॉन त्यांना गप्प करण्यासाठी मुठी वळून धावला आहे, असे त्याने पाहिले. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष प्रकट झाला व या मुलांना मारून नव्हे, प्रेमाने आपलेसे कर असे त्याने बजावले. मग एका तेजस्विनी स्त्रीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पाहता पाहता हिंस्र पशूंची कोकरे झाली. स्वप्नाचा अर्थ लावण्याचे काम पंडितांचे आहे. एवढे खरे की त्या मुलाने पुढे मुठीची नव्हे, प्रेमाची वाट धरली.

जत्रेत डोंबाऱ्यासारखे खेळ करणारे लोक येत. जॉन ते खेळ बारकाईने पाही व घरी येऊन सराव करी. दोन झाडांना दोर बांधून त्यावरून चालणे, चेंडू झेलणे, कोलांट्या मारणे यांत तो तरबेज झाला. रविवारी वाडीतील पोरे जमत. खेळ पाहावयाचा तर आधी जपमाळेची प्रार्थना म्हणावयाची आणि सकाळचे प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकावयाचे, हे त्या खेळाचे तिकीट असे!

शिक्षणाची वाट मात्र काट्यांची होती. शेतावर राबणाऱ्या आंतोनियोला धाकट्याच्या हातातील पुस्तक डोळ्यांसमोर नको होते. घरातील कलह विकोपाला गेला तेव्हा मार्गरिटेने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या जॉनला परक्या शेतावर गडी म्हणून राहण्यास धाडले. परक्याच्या घरी राबणाऱ्या मुलाला काय वाटते, हे त्याला तेथे कळले. पुढे किएरी गावी तो शाळेत गेला. परंतु पोटासाठी कधी शिंप्याच्या दुकानी, कधी कॉफीगृहात काम करीत. याच गावी त्याने सोबत्यांचे एक आनंदमंडळ स्थापन केले. तोंड वाकडे करून बसणे म्हणजे धर्म नव्हे, हा त्याचा सिद्धान्त तेव्हापासूनचा आहे. ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. आईने आशीर्वाद दिलाच, पण त्याआधीच तिने एक अट घातली होती : मुलगा धर्मगुरू होऊन श्रीमंत झाला तर ती त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नव्हती.

तुरीन ही त्या काळी राजधानी होती. इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते, आणि डोंगरातील दरिद्री वाड्यांतून मुलांचे थवे कामासाठी शहरात लोटत होते. गवंड्याच्या हाताखाली चुन्याच्या पाट्या वाहणारी, धुराडी साफ करणारी, उघड्यावर झोपणारी ही पोरे. सोलापूरकरांना असे चित्र परके नाही. आपल्याकडे १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १८८१ मध्ये, हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला आणि त्याने मुलांच्या कामाला वयाची मर्यादा घातली. ती कोणती? सात वर्षे पुरी. सात ते बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला नऊ तासांहून अधिक काम करू नये, एवढीच त्या कायद्याची दया होती. तुरीनमध्ये याच्या चाळीस वर्षे आधी तेवढीही नव्हती.

गुरू कफास्सो यांच्या सांगण्यावरून डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले तेथे उवांत आणि अंधारात कुजत पडलेली त्यांनी पाहिली. सुटून गेलेली मुले काही दिवसांनी पुन्हा तेथेच दिसत, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. हे दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही.

८ डिसेंबर १८४१ हा माता मरियेच्या सणाचा दिवस. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाच्या चर्चमध्ये ते मिस्सासाठी पूजावस्त्रे घालीत होते. कोपऱ्यात एक पोरगा घुटमळत होता. मिस्साच्या सेवेला उभे राहता येत नाही म्हणून चर्चच्या सेवेकऱ्याने त्याला दांडक्याने बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी तत्काळ त्याला परत बोलावून आणले. तो आपला मित्र आहे, असे त्यांनी त्या सेवेकऱ्याला सुनावले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, आईबाप नाहीत, धंदा गवंडीकाम. वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, गाताही येत नव्हते. शिट्टी वाजवता येते का, असे विचारताच मात्र पोरगा हसला. पुढच्या रविवारी तो सोबती घेऊन आला, आणि काही महिन्यांत पोरांचा मेळाच जमला. ही सारी मुले जन्माने ख्रिस्तीच होती. येथे धर्मांतराचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की स्वतःच्या धर्माच्या देवळातही त्यांना उभे करून घेणारे कोणी नव्हते.

शेकडो दंगेखोर पोरांचा हा जमाव कोणालाच शेजारी नको होता. कधी एका बाईंच्या संस्थेच्या आवारात, कधी पिठाच्या गिरण्यांजवळ, कधी दफनभूमीच्या चर्चपाशी, कधी उघड्या कुरणात अशी या प्रार्थनामंडळाची दिंडी फिरत राहिली. नगराधिकाऱ्यांना बंडाचा वास आला व शिपाई पाळतीवर बसले. सहकारी धर्मगुरूंना तर वाटले की यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. दोघे त्यांना गाडीत घालून वेड्यांच्या इस्पितळात नेण्यास आले. डॉन बॉस्कोंनी मोठ्या आदराने त्या दोघांना आधी गाडीत बसविले, दार लावून घेतले आणि गाडीवानाला घोडे पिटाळण्यास सांगितले! अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्डोक्को या उपनगरात एक बुटकी पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी ते मरणोन्मुख आजारी पडले. त्यांच्यासाठी गवंड्यांच्या पोरांनी उपासतापास केले, नवस बोलले. ते वाचले, आणि नोव्हेंबरात अठ्ठावन्न वर्षांच्या आईला घेऊन वाल्डोक्कोला परतले. मुलगा श्रीमंत झाला नव्हता, म्हणून तिने उंबरा ओलांडला. तिने लग्नातले जपून ठेवलेले कापडचोपड व दागिना मोडून पूजेची वस्त्रे केली. पुढे एकदा पोरांनी खेळण्याच्या भरात तिचा भाजीचा मळा तुडविला, तेव्हा तीही थकली व गावी परत जाते म्हणाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविले. ती पदर खोचून पुन्हा कामाला लागली व १८५६ मध्ये तेथेच देवाघरी गेली. मुले तिला आईच म्हणत.

येथवरचे चरित्र दयाळू साधूचे आहे आणि असे साधू सर्व धर्मांत होऊन गेले. डॉन बॉस्कोंचे वेगळेपण यापुढे आहे. भुकेल्याला भाकरी दिल्याने त्याची मजुरी बुडविणारा मालक सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले. पीडमाँटमध्ये १८५० पासून दशमान वजनेमापे सक्तीची होणार होती. अडाणी मजुराला नव्या मापात कोणीही फसवील, म्हणून त्यांनी १८४९ मध्ये त्या विषयावर एक सोपे पुस्तक लिहिले व रात्रीच्या वर्गांत ते शिकवू लागले. १८५० मध्ये त्यांनी मुलांची परस्पर साहाय्य मंडळी काढली. प्रत्येकाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, जमा करावयाचे आणि जो आजारी पडेल किंवा ज्याचे काम सुटेल त्याला रोज पन्नास सेंतेसिमी मिळावयाचे. पंधरासोळा वर्षांच्या पोरांना दुसऱ्याचे दुःख वाटून घेण्याचा हा धडा व्यासपीठावरून मिळाला नाही. तो त्यांच्या खिशातून गेला, म्हणून पक्का बसला.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे करारनामे. उमेदवारीसाठी मूल मालकाकडे ठेवताना डॉन बॉस्को मुद्रांकित कागदावर करार करून घेत. त्यांपैकी ८ फेब्रुवारी १८५२ चा करार एका सुताराशी झालेला आहे. मालकाने मुलाला सुतारकी नीट शिकवावी. धंद्याबाहेरची व त्याच्या शक्तीपलीकडची कामे सांगू नयेत. चूक झाल्यास शब्दाने समजवावे, हात उगारू नये. रविवार व सणाचे दिवस मोकळे सोडावेत. वर्षाकाठी पंधरा दिवसांची सुट्टी द्यावी. मजुरी ठरल्याप्रमाणे वाढवीत न्यावी. मुलानेही आज्ञाधारक, कष्टाळू राहावे, असे त्यात होते. कायद्याने जे दिले नव्हते, ते एका धर्मगुरूने कागदावर सही घेऊन मिळविले. देवाच्या नावाने याचना करण्यापेक्षा हक्काच्या नावाने सही घेणे त्यांना अधिक धार्मिक वाटले असावे. श्रीसिद्धरामेश्वरांनी ज्या शरण परंपरेत आपले तळे बांधविले, तिच्यात कायक म्हणजे श्रम हीच पूजा मानली आहे. पूजा करणाऱ्याला कोणी चाबकाने मारीत नाही, आणि त्याच्या ताटातील प्रसादही कोणी काढून घेत नाही.

करार करूनही काही मालक ऐकत ना. तेव्हा त्यांनी १८५३ पासून स्वतःच्याच आवारात चांभारकाम, शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई असे कारखाने उभारले. राजकारणापासून मात्र ते कटाक्षाने दूर राहिले. १८४८ च्या धामधुमीत काही सहकाऱ्यांनी मुलांना झेंडे देऊन मिरवणुकीत नेले. डॉन बॉस्कोंनी साथ दिली नाही व कितीतरी सोबती गमावले. मजुरांच्या लढ्यात त्यांनी उतरावयास हवे होते, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ज्या पोराला आज रात्री झोपावयास जागा नाही, त्याच्याकडे पाहिले की त्यांना उद्याच्या क्रांतीची वाट पाहणे जमत नसे.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये पटकीची साथ आली. लोक घरच्या रोग्यालाही टाकून पळू लागले. डॉन बॉस्कोंनी मुलांना बोलावून सेवेसाठी कोण येतो असे विचारले. प्रथम चौदा मुले पुढे आली, मागाहून आणखी तीस. हात शिरक्याने धुऊन ही पोरे घरोघर रोग्यांची शुश्रूषा करू लागली. पांघरुणे कमी पडली तेव्हा आई मार्गरिटेने वेदीवरचे वस्त्रही देऊन टाकले. त्या मुलांपैकी एकालाही रोगाची बाधा झाली नाही. काल ज्यांना शहर चोर म्हणून हाकलीत होते, त्यांच्याच हातून शहराने त्या वर्षी पाणी घेतले.

छडीविना शिक्षण ही त्यांची दुसरी देणगी. विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन पायांवर उभी असलेली आपली पद्धती त्यांनी १८७७ मध्ये लिहून काढली. आपल्या जुन्या गिरणीचा भोंगा वाजू लागला तेच हे वर्ष. मुलावर प्रेम असणे पुरेसे नाही, ते त्याला कळलेही पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. १८५९ मध्ये त्यांनी आपल्याच हाताखाली वाढलेल्या तरुणांचा सालेशियन संघ स्थापन केला व पुढे मारिया माझारेल्लो यांच्या साहाय्याने मुलींसाठी भगिनींचा संघही उभा केला.

अखंड श्रमांनी देह झिजला होता. ३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे त्यांनी देह ठेवला. तीन वर्षांनी, १८९१ च्या मे महिन्यात, तेरावे पोप लिओ यांनी मजुरांच्या हक्कांविषयी सर्व कॅथलिक जगाला आपले प्रसिद्ध परिपत्रक लिहिले आणि रास्त मजुरी हा न्यायाचा प्रश्न असल्याचे सांगितले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील कायद्यानेही मुलांच्या कामाची वयोमर्यादा सातावरून नऊवर नेली. १९३४ च्या ईस्टरला डॉन बॉस्कोंना संतपद देण्यात आले.

त्यांचे शिष्य भारतात प्रथम १९०६ मध्ये आले ते तंजावरला, भोसले राजांच्या गावी. नंतर ते मुंबईत आले. माटुंग्याची त्यांची शाळा व मातेचे मंदिर आपल्यातील अनेकांनी पाहिले असेल. १८५२ चा तो सुताराबरोबरचा करारनामा संघाच्या दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेला आहे.