पेटिटशेठ आणि व्हिक्टोरियाचा घोडा

आम्ही लालबागचे. लहानपणी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात व्हिक्टोरियाचा घोडा पाहिला. नाकपुडीतून रक्त, आत स्ट्रॉबेरीसारखी गाठ, वर पांढुरके ठिपके. तेव्हा तिला बुरशी म्हणत. ती बुरशी नव्हे, हे पुढे कळले. डॉक्टरांनी गाठ मुळासकट काढून जागा डागली. मूळ राहिले तर ती पुन्हा वाढते. गाडीवानाचे पोट वाचले.

ही दिनशा माणेकजी पेटिट यांची पुण्याई. १८२३ साली जन्मलेल्या या पारशी शेठजींनी कापडगिरण्या उभारल्या, पैसा मिळवला आणि सढळ हाताने दिलाही. मुक्या जनावरांच्या या दवाखान्याला पत्नी साकरबाईंचे नाव दिले. १८८६ मध्ये परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८९० मध्ये शेठजी बॅरोनेट झाले, १९०१ मध्ये गेले. गिरण्यांचे भोंगे थांबले. दवाखान्याचे दार मात्र उघडे आहे.