नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतातील कामगार चळवळीचे एक आद्य नेते, समाजसेवक आणि मध्यवर्ती विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. ना. म. जोशी या नावाने ते सर्वत्र परिचित आहेत. परदेशी मालाच्या स्पर्धेमुळे मुंबईचा गिरणीधंदा संकटात आला, त्या काळात कामगारांच्या वेतनाचा व बेकारीचा प्रश्न सनदशीर मार्गाने शासनापुढे मांडणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे.

पूर्वायुष्य

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात घेऊन त्यांनी पदवी संपादन केली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या यांच्या द्वारा ही संस्था गिरणगावातील श्रमिकांपर्यंत पोहोचली.

कामगार चळवळ

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. पुढे ते तिचे सरचिटणीसही झाले. १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी त्याच वर्षी मांडला. त्याची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली. स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात साहाय्य मिळावे यासाठी त्यांनी आणलेले विधेयक मात्र विधिमंडळाने फेटाळले.

परदेशी स्पर्धा आणि गिरणी कामगार

पहिल्या महायुद्धानंतर जपानी सूत व कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. लँकेशायरच्या कापडाची स्पर्धा तर जुनीच होती. शिवाय देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के उत्पादन कर बसविलेला होता. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचे कारण देऊन वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने उत्पादन कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. सरकारी सवलतीचा लाभ मालकाबरोबर कामगारालाही मिळू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. या संपातून १९२६ मध्ये मुंबई गिरणी कामगार युनियन उभी राहिली. जोशी तिचे अध्यक्ष झाले.

मात्र पुढील काळात असे घडले नाही. उत्पादनखर्च कमी करण्यासाठी मालकांनी एकाच कामगाराकडे अधिक माग व अधिक चात्या सोपविण्याची पद्धत आणली. त्यामुळे अनेकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. याविरुद्ध १९२८ मध्ये सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला. श्रीपाद अमृत डांगे प्रभृती साम्यवादी नेत्यांशी तीव्र मतभेद असूनही जोशी यांनी त्यांच्यासह संयुक्त संप समितीत काम केले.

१९३० च्या संरक्षण कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के, तर अन्य परदेशी कापडावर २० टक्के आयात कर बसला. जपानी कापडावरील कर वाढत वाढत १९३३ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत गेला. तरीही त्याच सुमारास मुंबईतील अनेक गिरण्या बंद पडल्या व वेतनकपातही झाली. जकातीचे संरक्षण धंद्याला मिळत होते; काम गमावलेल्या माणसासाठी मात्र कोणतीही तरतूद नव्हती.

बेकारांना साहाय्याचा प्रश्न

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाचे (शाही श्रम आयोग) जोशी सदस्य होते. या आयोगावर बहिष्कार घालावा की नाही, या वादातून त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. १९३१ च्या अहवालात आयोगाने राष्ट्रव्यापी बेकारी विम्याची शिफारस केली नाही. कामगार वारंवार बदलतात आणि त्यांचे गावाशी नाते टिकून असते, असा विचार त्यामागे होता. परंतु कोकणातील वा देशावरील ज्या घरांतून हे कामगार आले होते, ती घरे बहुधा त्यांच्याच मनिऑर्डरीवर चालत. सरकारने ज्याला आधार मानले, ते गावच गिरणीच्या आधारावर उभे होते.

उत्तरायुष्य आणि वारसा

दुफळी मिटल्यानंतर १९४० पासून १९४८ पर्यंत जोशी पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस होते. त्यांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिच्यामुळे कामबंदीच्या काळात निम्मे वेतन व महागाई भत्ता आणि नोकरकपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. ३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले.

आयातीमुळे काम गमावलेल्यांना सरकारने थेट साहाय्य द्यावे, हे तत्त्व अमेरिकेने १९६२ च्या व्यापार कायद्यात स्वीकारले. भारतात १९८६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. तीत पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्याची तरतूद होती. ही योजना कारखाना कायमचा बंद झाल्यावरच लागू होई. बंद पडण्याचे कारण परदेशी स्पर्धा आहे की अन्य काही, हे त्यात पाहिले जात नसे.

मुंबईतील लोअर परळ भागातून जाणाऱ्या जुन्या डिलाइल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे.