पाण्याचा वाटा : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सादर करण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही ज्यांचे चरित्र निवडले आहे, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते व आपल्या प्रांताचेही नव्हते. तथापि पुणे जिल्ह्यातील ज्या कालव्यांवर कित्येक कुटुंबांचे संसार उभे राहिले, त्या कालव्यांच्या कारभारास त्यांनी शिस्त लावली. विश्वेश्वरय्या हे नाव उच्चारताच प्रचंड धरणे डोळ्यांपुढे येतात. परंतु धरण बांधणे जितके अवघड, तितकेच अवर्षणात त्यातील पाणी कोणास, किती व केव्हा द्यावे हे ठरविणे अवघड असते. आणि त्यांच्या थोरवीचे मर्म आम्हांस या दुसऱ्या कामात दिसते.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण पुरे केले व पुढे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत अशा ठिकाणी कामे करीत १८९९ साली ते पुण्यास पाटबंधाऱ्यांच्या कामावर आले.

ते वर्ष साधे नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ दक्षिणेवर कोसळला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी भाटघरच्या धरणातून येत असे. पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाकडे फिरकत नसत. पावसाने ओढ दिली की सर्वांची एकदम झुंबड उडे. त्यातही पाटाच्या तोंडाशी ज्यांच्या जमिनी होत्या, ते उसाला वारेमाप पाणी देत. त्यामुळे वरची शेते पाणथळ होत, डास व हिवताप वाढे, आणि शेवटच्या गावांची ज्वारी डोळ्यांदेखत करपून जाई.

या दुखण्यावर विश्वेश्वरय्यांनी योजलेला उपाय ब्लॉक पद्धत या नावाने ओळखला जातो. गावाच्या शिवारात पाण्यास योग्य अशा जमिनीचे गट पाडावयाचे, त्या गटांस काही वर्षे पाण्याची हमी द्यावयाची, आणि गटात पिकांचा फेरपालट ठेवावयाचा : एका हिश्शात उसासारखे भरपूर पाण्याचे पीक, दुसऱ्यात मध्यम पाण्याचे व तिसऱ्यात थोड्या पाण्यावर येणारे. अशाने धरणातील साठ्यावर किती भार पडणार याचा अंदाज आधीच बांधता येई, आणि थोड्या गावांत जिरणारे पाणी अधिक गावांपर्यंत पोहोचविता येई. बागायतदारांस हे बंधन प्रथम जाचक वाटले व त्यांनी विरोधही केला. परंतु हमीच्या पाण्याचे मोल पुढे पटले आणि पद्धत रूढ झाली.

दुसरा प्रश्न साठ्याचा होता. खडकवासल्याच्या तलावातील पाणी पुणे शहरास व मुठा कालव्यांच्या शेतीस मिळे. पावसाळ्यात ते सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेथेच तुटवडा भासे. भिंत उंच करणे खर्चाचे व जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसविण्याची युक्ती काढली. ठराविक पातळीपर्यंत ती पाणी अडवून धरीत, त्यावर पाणी चढताच उघडून पूर सोडून देत आणि पातळी उतरताच पुन्हा मिटत. १९०३ साली बसविलेल्या या दारांमुळे भिंत न वाढविता तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी राहू लागले. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले. मात्र सरकारी चाकरीत असताना लावलेल्या शोधाबद्दल मानधन घेणे त्यांस प्रशस्त वाटले नाही.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच साली मुसा नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा पूर अडविण्याच्या योजनेसाठी निजाम सरकारने त्यांस पाचारण केले. १९०९ साली ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. शिवसमुद्रच्या वीजकेंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज जाई, पण उन्हाळ्यात कावेरी रोडावली की विजेची अडचण होई. वीज व शेती या दोहोंसाठी वर्षभर नियमित पाणी सोडता यावे म्हणून १९११ साली कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते.

खालच्या अंगास असलेल्या मद्रास सरकारने या धरणास हरकत घेतली. तंजावरच्या भातशेतीचे पाणी तुटेल, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. अखेर १९२४ साली करार झाला आणि खाली नदीस किती प्रवाह गेल्यावर वर पाणी अडवावे, याचे नियम त्यात बांधले गेले. तरीही २०१६ व २०२३ च्या टंचाईत कावेरीकाठी वाद पेटलेच. भरल्या धरणाची वाटणी सोपी असते. आटलेल्या धरणाची वाटणी करताना शेजारधर्माची परीक्षा होते.

१९५५ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत फुटून खडकवासल्याचीही भिंत वाहून गेली होती. ती पुढे नव्याने बांधण्यात आली.

त्यांच्या पद्धतीने सर्व काही साधले, असा आमचा दावा नाही. फेरपालटाची बंधने पुढे सैल झाली व ऊस पसरतच गेला. तथापि २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि टंचाईचा भार खोऱ्यातील वरच्या व खालच्या लोकांनी सारखा सोसावा, हे तत्त्व त्यात आले. पाटाच्या तोंडाशी बागायत करणारी व शेवटच्या चारीवर पाळीची वाट पाहणारी, अशी दोन्ही प्रकारची कुटुंबे आपल्यात आहेत. ज्यांस पाणी आधी मिळते, त्यांनी ते खाली जाऊ देणे हीच या पुरुषाची खरी पुण्यतिथी होय; आणि तो निश्चय धरण भरलेले असतानाच करावयाचा असतो, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.