डेल्टा प्रकल्पाचे जनक : योहान व्हान व्हेन

समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेल्या भूमीचे उधाणापासून रक्षण करणाऱ्या नेदरलँड्सच्या डेल्टा प्रकल्पाचे जनक म्हणून स्थापत्य अभियंता डॉ. योहान व्हान व्हेन ओळखले जातात. किनाऱ्यावरील बांध अपुरे असल्याचे त्यांनी अनेक वर्षे आधीच मोजमापांच्या आधारे दाखवून दिले होते. त्यांच्या योजनेला मान्यता मिळाली ती मात्र १९५३ च्या महापुरात १,८३६ जणांचा बळी गेल्यानंतर.

व्हान व्हेन यांचा जन्म २१ डिसेंबर १८९३ रोजी देशाच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतात झाला. डेल्फ्ट येथून १९१९ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९२९ मध्ये ते राइक्सवाटरस्टाट या सरकारी जलव्यवस्थापन विभागात रुजू झाले. नदीमुखे, भरती-ओहोटीचे प्रवाह आणि वाळूचे वहन हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते.

समुद्रतळाचे नमुने घेण्यासाठी त्यांनी १९३३ मध्ये दोन जबड्यांचे एक साधे उपकरण तयार केले. दोरीने खाली सोडलेले हे उपकरण तळाला टेकताच त्याची खिटी सुटते आणि वर ओढताना जबडे मिटून तळाची वाळू व गाळ त्यात अडकतो. 'व्हान व्हेन ग्रॅब' या नावाने ते आजही जगभर वापरले जाते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही आपल्या अभ्यासात त्याचा उपयोग केला आहे.

डोव्हरच्या सामुद्रधुनीतील प्रवाह आणि वाळूची हालचाल यांवरील प्रबंधासाठी लायडन विद्यापीठाने १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. पाण्याचा प्रवाह आणि विजेचा प्रवाह यांतील साम्य हेरून भरतीचे गणित विद्युत मंडलाच्या साहाय्याने सोडविण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली.

१९३९ नंतर वादळी उधाणांचा अभ्यास करणाऱ्या समितीचे काम पाहताना नैऋत्येकडील अनेक बांधांची उंची धोकादायकरीत्या कमी असल्याचे त्यांना आढळले. महायुद्ध आणि त्यानंतरची पुनर्बांधणी यांमुळे हा प्रश्न मागे पडला, तसेच हे निष्कर्ष जनतेसमोर उघडपणे मांडण्यावरही बंधने होती. ग्रीक पुराणकथेतील कॅसांड्राचे भाकीत खरे असूनही त्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. व्हान व्हेन यांनी 'डॉ. कॅसांड्रा' हे टोपणनाव घेतले होते.

नदीमुखे बंद करण्याचा त्यांचा आराखडा २९ जानेवारी १९५३ रोजी सादर झाला. अवघ्या दोन दिवसांनी, ३१ जानेवारीच्या रात्री, उत्तर समुद्रातील वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. हूक व्हान हॉलंड येथे पाणी सरासरी समुद्रपातळीच्या ३.८५ मीटर वर चढले. बांधांवरून उसळलेल्या पाण्याने त्यांचा आतील, केवळ माती व गवताचा उतार भिजून खचला आणि अनेक ठिकाणी बांध जमिनीच्या बाजूने फुटले.

फेब्रुवारी १९५३ मध्ये सरकारने डेल्टा आयोग नेमला आणि व्हान व्हेन त्याचे सचिव झाले. शेकडो किलोमीटर लांबीचे जुने बांध उंच करण्याऐवजी खाड्यांची मुखे बंद करून किनारारेषा सुमारे ७०० किलोमीटरने कमी करावी, असे या योजनेचे सूत्र होते. अँटवर्प आणि रॉटरडॅम बंदरांकडे जाणारे जलमार्ग मात्र खुले ठेवण्यात आले. हूक व्हान हॉलंडसाठी पाच मीटर ही संरक्षणाची पातळी ठरली. १९५८ मध्ये डेल्टा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी हॉलंड आयसेल नदीवरील पहिला वादळरोधक दरवाजा कार्यान्वित झाला.

९ डिसेंबर १९५९ रोजी व्हान व्हेन यांचे निधन झाले. पूर्व शेल्ट खाडीवरील दरवाजांचा भव्य अडसर १९८६ मध्ये खुला झाला. पर्यावरणाच्या आग्रहामुळे मूळ योजनेत बदल करून ही खाडी एरवी खुली ठेवण्यात आली असून, मोठ्या उधाणाच्या वेळीच तिचे दरवाजे बंद केले जातात. तेथील भुसभुशीत वाळूचा तळ आधी कंपनांनी घट्ट करावा लागला, कारण सारा भार त्यावरच पडणार होता. समुद्राला अडविण्यापूर्वी त्याचा तळ आणि प्रवाह जाणून घेण्याचे जे काम व्हान व्हेन यांनी आयुष्यभर केले, त्याच पायावर हा प्रकल्प उभा आहे.