सोनं थोडं आहे, असं लिहून ठेवणारा माणूस

आमच्या घरी शोकेसमध्ये, वेलंकनी मातेच्या मूर्तीच्या बाजूला, एक दगड ठेवलेला आहे. मुठीएवढा, करडा, आणि त्यात पिवळे चमकणारे चौकोनी ठिपके. तो मामाने आणला होता. मी तेव्हा सहावीत होते. गदगच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमीन आहे, तिच्या खाली सोनं आहे, आता हिस्सा घेतला तर पाच वर्षांत दहापट होईल, असं कुणीतरी मामाला सांगितलं आणि पुरावा म्हणून हा दगड हातात दिला. मामाने पैसे दिले. त्यात आईच्या दोन बांगड्याही गहाण गेल्या. पुढे त्या माणसाचा फोन लागायचा बंद झाला. बांगड्या सोडवायला आईला चार वर्षं लागली. दगड मात्र घरीच राहिला, कारण तो टाकायचा कोणी हा प्रश्न कधी सुटलाच नाही.

मागच्या वर्षी मी तो दगड पिशवीत घालून कॉलेजात नेला आणि भूगोलाच्या सरांना दाखवला. सरांनी चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ते पिवळे ठिपके घासले. काळपट हिरवी रेघ उठली. खरं सोनं घासलं तर रेघ पिवळीच उठते. मग एक कण खिळ्याने ठोकला, तर त्याचा भुगा झाला. सोनं ठोकलं की चपटं होतं, फुटत नाही. हे लोखंड आणि गंधकाचं खनिज, पायराइट. सगळी परीक्षा पाच मिनिटांत संपली. त्यानंतर सर सहज म्हणाले की त्या डोंगरांविषयी दीडशे वर्षांपूर्वीच एका माणसाने सगळं लिहून ठेवलंय, मामाने ते वाचायला हवं होतं. त्या माणसाचं नाव रॉबर्ट ब्रूस फूट. मी साहित्याची विद्यार्थिनी, दगडांशी माझा काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून मी फूटसाहेबांच्या मागे लागले.

त्यांचा जन्म १८३४ सालचा, इंग्लंडमधल्या चेल्टनमचा. १८५८ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागले. हे खातं तेव्हा अगदीच नवं होतं. त्यांना मद्रासकडचा भाग मिळाला. काम म्हणजे काय, तर पावसाळा संपला की तंबू, घोडा आणि बैलगाड्या घेऊन बाहेर पडायचं, नाल्यानाल्याने आणि टेकडीटेकडीने फिरायचं, कुठे कोणता खडक आहे ते नकाशावर रंगवायचं, आणि पुढचा पावसाळा आला की कचेरीत बसून अहवाल लिहायचा. असं त्यांनी तेहतीस वर्षं केलं. मद्रासलाच त्यांनी रेव्हरंड पीटर पर्सिव्हल यांच्या मुलीशी लग्न केलं. पर्सिव्हल हे मिशनरी, जाफन्यात आणि मद्रासला राहून तमिळचे मोठे जाणकार झालेले, बायबलच्या तमिळ भाषांतरासाठी खपलेले. मला ही जोडी फार आवडते. सासरे नेमक्या शब्दाच्या शोधात आणि जावई नेमक्या दगडाच्या.

फूट यांचं नाव आज पाठ्यपुस्तकात येतं ते एका वेगळ्याच दगडासाठी. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे, लष्कराच्या कवायतीच्या मैदानाशेजारी खडी काढण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात, त्यांना एक घडवलेला दगड दिसला. आदिमानवाची हातकुऱ्हाड. भारतात जुन्या अश्मयुगातला माणूस राहत होता, याचा हा पहिला ओळखला गेलेला पुरावा. त्याच्या चारच वर्षं आधी, १८५९ मध्ये, युरोपातल्या विद्वानांनी फ्रान्समधल्या अशाच दगडांना माणसाच्या हातची हत्यारं म्हणून मान्यता दिली होती. फूट यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांना तो दगड ओळखता आला. त्या खड्ड्यातून त्यांच्या आधी किती मजुरांनी असे दगड उचलून टोपलीत टाकले असतील! त्याच वर्षी विल्यम किंग या सहकाऱ्याबरोबर त्यांना अत्तिरमपक्कमची जागा सापडली. तिथली हत्यारं सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचं २०११ मध्ये सिद्ध झालं.

पुढे फूट आपल्या भागात आले. बेळगाव, धारवाड, कलादगी हा मुलूख त्यांनी पायाखाली घातला आणि १८७६ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ छापला. त्याच्या इंग्रजी नावात या प्रदेशाला दक्षिण मराठा देश म्हटलं आहे. आमच्याकडे या शब्दांवरून आजही काय काय होतं ते बेळगावच्या वाचकांना सांगायला नको. फूट यांना त्या वादाशी घेणंदेणं नव्हतं, त्यांच्या नकाशावरच्या सीमा वेगळ्याच होत्या. उत्तरेचा काळा पाषाण कुठे संपतो, त्याच्या खालून कलादगीचे वाळूचे खडक कुठे डोकं वर काढतात, एवढंच ते बघत होते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो याच कलादगी खडकांचा. गोकाक तालुक्यातच, घटप्रभेच्या खोऱ्यातल्या गाळात, त्यांना गेंड्याची अश्मीभूत हाडं मिळाली. आपण जिथे करदंट घ्यायला थांबतो तिथे एके काळी गेंडे चरत होते, हे मला एकवीस वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं.

आता सोन्याकडे येते. गदगजवळचे डोंगर, ज्यांना आज कप्पतगुड्डा म्हणतात, त्यांना तेव्हा डंबळचे डोंगर म्हणत. तिथल्या ओढ्यांच्या वाळूत सोनं सापडतं ही जुनी गोष्ट. ते धुऊन काढणाऱ्या लोकांना जालगार म्हणत. आपल्याकडे सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुणारे झारेकरी असतात ना, तसेच हे, फक्त यांची माती ओढ्यातली. मोठा पाऊस होऊन गेला की ओढ्याच्या तळाची वाळू गोळा करायची, काठवटीसारख्या लाकडी भांड्यात घेऊन पाण्यात हलवत राहायचं. माती वाहून जाते, मग हलकी वाळू जाते, शेवटी जड काळी वाळू उरते आणि तिच्यात, नशीब असेल तर, सोन्याचे कण. फूट यांनी तिथे जालगाराकडूनच वाळू धुऊन घेतली. कुठल्या ओढ्यात काय निघतं ते पाहिलं, ओढा कुठल्या खडकांतून येतो ते पाहिलं, गारगोटीच्या शिरा तपासल्या. त्यांचा अहवाल १८७४ मध्ये आला. त्याचं सार एवढंच की सोनं आहे, पण थोडं आहे. जालगाराचं पोट जेमतेम भरेल, यापलीकडे आशा धरण्यासारखं त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

हे लिहिणं आज सोपं वाटतं. तेव्हाचे दिवस आठवा. ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात सोन्यामुळे शहरं उभी राहिली होती. आपल्याही हद्दीत असं काही निघावं ही सरकारची आणि व्यापाऱ्यांची दोघांची इच्छा होती. काही वर्षांतच वायनाडमध्ये सोन्याची हवा पसरली. १८८० च्या सुमारास लंडनमध्ये एकामागून एक कंपन्या निघाल्या, लोकांनी शेअर घेतले, यंत्रं जहाजातून आली, आणि दोन-चार वर्षांत बहुतेक सगळं बुडालं. त्यात इंग्लंडमधल्याही कितीतरी मामांचे पैसे गेले असतील. डंबळच्या डोंगरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्या आल्या, विहिरींसारखे खोल खड्डे खणले, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या.

पण फूट नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत. सोनं दिसतं तेव्हा ते कोणत्या खडकात दिसतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दक्षिणेचा बराचसा भाग ग्रॅनाइटसारख्या फिकट पट्टेदार खडकांचा, म्हणजे नाइसचा आहे. त्यात मधूनमधून गडद हिरवट-काळ्या खडकांच्या अरुंद लांब पट्ट्या आहेत. आधी सगळं एकच प्राचीन खडक म्हणून मोजत. फूट यांनी या गडद पट्ट्या वेगळ्या काढल्या, बल्लारीपासून म्हैसूरपर्यंत त्यांचा माग घेतला आणि धारवाड जिल्ह्यावरून त्यांना धारवाड हे नाव दिलं. १८८८ मध्ये त्यांनी मांडलं की दक्षिण हिंदुस्थानातलं सोनं मुख्यतः याच खडकांत आहे. कोलार, हट्टी, गदग ही सगळी त्याच माळेतली.

असं का, ते नंतरच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं. हे मुळात अडीचशे कोटी वर्षांहून जुने लाव्हाचे थर आणि गाळ. ते दाबले गेले, दुमडले, त्यांना भेगा पडल्या. जमिनीच्या खोलातून आलेलं तापलेलं पाणी त्या भेगांतून वर चढलं, आणि त्याने विरघळवून आणलेली गारगोटी व सोनं तिथेच साचलं. म्हणजे सोनं फुटीत असतं. फूटसाहेबांना मराठी येत असती तर या कोटीवर ते नक्की हसले असते.

१८८७ मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानातल्या सोन्याच्या जागा फिरून पाहिल्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं होतं. जुने खड्डे, दगड कुटल्याच्या खुणा. आगीने खडक तापवून, त्यावर पाणी ओतून तो तडकवणारे हे जुने खाणकामगार. हट्टीच्या जुन्या खाणीत तर लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो फूट खाली उतरले होते. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. कोलारला मात्र नव्या कंपन्यांना खरंच सोनं लागलं. ती खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली.

फूट यांची अजून एक गोष्ट सांगते. बल्लारीकडे राखेचे मोठमोठे ढिगारे आहेत. कुणी म्हणे ती ज्वालामुखीची राख, कुणी म्हणे राक्षसांच्या चितेची. फूट यांनी तपासून सांगितलं की हे जळलेलं गाईबैलांचं शेण आहे, इथे नवाश्मयुगातले लोक गुरं पाळून राहत होते. पुढे उत्खननांनी ते खरं ठरवलं. राक्षस सोडून शेण म्हणायलाही धीर लागतो.

१८९१ मध्ये ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. बडोदा संस्थानासाठी तिथल्या भूरचनेची पाहणी केली, ते पुस्तक १८९८ मध्ये निघालं. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्ये स्वतःचं भूवैज्ञानिक खातं काढलं तेव्हा त्याची सूत्रं त्यांच्याकडे दिली. घर होतं येरकाडच्या डोंगरावर. चाळीस वर्षं जमवलेली दगडी हत्यारं आणि खापरं त्यांनी १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला विकली आणि एकेका वस्तूची जागा नोंदवत तिची सूची करत बसले. ती सूची छापून आली तेव्हा ते नव्हते. १९१२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला त्यांचं निधन झालं. येरकाडच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांच्या नावाची शिला आहे.

ते साहेब होते आणि साहेबांच्या सरकारचे नोकर होते, हे मी विसरत नाही. त्यांनी काढलेल्या नकाशांचा फायदा कुणाला झाला, हेही उघड आहे. काठवट हलवणाऱ्या जालगाराचं नाव आज आपल्याला माहीत नाही. तरीसुद्धा, जे आहे तेवढंच लिहायचं, चिमूटभराचं मूठभर करायचं नाही, ही शिस्त मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर ती जास्तच लागते.

नाताळच्या सुट्टीत मामा घरी आला होता. मी त्याला हे सगळं सांगितलं, १८७४ च्या अहवालासकट. कप्पतगुड्डा २०१९ पासून अभयारण्य आहे हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आईकडे बघून विचारलं, त्या गोऱ्या माणसाला एवढं कळलं होतं तर ते इथल्या भाषेत कुणी का नाही लिहिलं. आई केकचे तुकडे करत होती, तिने वर पाहिलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख लिहिला. दगड अजून शोकेसमध्येच आहे, फक्त आता त्याच्याखाली मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर मराठीत लिहिलंय: पायराइट, सोनं नव्हे.